थंडीत दुपारी, उथळ पाण्यात गळाला मासा लागतो का? (मांजरा धरण, कळंब बाजू)

मांजराकाठ:

नमस्कार मंडळी. प्रश्न छोटा आहे, पण तो का विचारतोय ते आधी सांगतो, म्हणजे उत्तर देणाऱ्याला अंदाज येईल.

आमचं गाव कळंब तालुक्यात, मांजरा धरणाच्या फुगवट्याला लागून. मी पुण्यात नोकरीला. दरवर्षी येळवशीला (वेळ अमावस्येला) आठ-दहा दिवस सुट्टी काढून गावी येतो. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, गळाचा नाद. आम्ही भोई नाही, शेतकरी. पण हिवाळ्यात ज्वारी पोटऱ्यात आली की रानात फार काम नसायचं, तेव्हा अण्णा आणि बांबूची काठी ही जोडी ठरलेली. पहाटे पाचला उठायचं, घोंगडी पांघरायची आणि उजाडायच्या आत गळ पाण्यात. ‘उन्हं वर आली की मासा खाली जातो’ हे मी लहानपणापासून ऐकत आलोय.

आता अण्णा ७२ वर्षांचे आहेत. दोन वर्षांपासून दम्याचा त्रास आहे. डॉक्टरांनी बजावलंय की थंडीत सकाळी दहाच्या आत आणि दिवस मावळल्यावर घराबाहेर पडायचं नाही. त्यामुळं गेल्या हिवाळ्यात काठी माळवदाखाली तुळईला टांगलेलीच राहिली. अण्णा तक्रार करत नाहीत. नुसते ओट्यावर बसून धरणाकडं बघत राहतात. ते मला बघवत नाही.

यंदा मी बळंच त्यांना दुपारी घेऊन गेलो. नेहमीची जागा, आमच्या रानाच्या खालचा काठ. तिथं जुनं नदीपात्र जवळ असल्यानं पाणी पंधरा-सोळा फूट खोल आहे. चार नंबरचा गळ, कणीक आणि पेंड मळून लिंबाएवढा गोळा. बारा ते तीन बसलो. माशानं आमिषाला एकदाही तोंड लावलं नाही, एक टोकसुद्धा नाही. अण्णा एवढंच म्हणाले, “सांगितलं नव्हतं का, हे पाणी सकाळचं हाय.” घरी येऊन काठी पुन्हा तुळईला.

पण येताना मी एक बघितलं. पलीकडं केज बाजूला एक ओढा धरणात येतो, त्याच्या तोंडाला गुडघाभर पाणी. मोबाईलचा कॅमेरा झूम करून बघितलं तर तिथं पाण्यावर सारखी वर्तुळं उठत होती. बुडालेल्या बाभळीच्या खोडांवर पाणकावळे पंख पसरून बसले होते आणि मधूनमधून बुड्या मारत होते. अण्णा म्हणाले, “बारकी पिल्लं हायेत, ऊन खायलीत.”

तर विचारायचं हे की थंडीत मोठा मासा दुपारी अशा उथळात येतो का? येत असेल तर जागा कशी ओळखायची आणि गळ, आमिष काय वापरायचं? मला टोपलंभर मासे नकोत. अण्णांच्या हातात दुपारच्या उन्हात काठी असावी आणि तिला एकदा तरी ओढ लागावी, एवढंच.

नाथसागरचा काका:

तुमचे वडील म्हणतात ते खरं आहे, पण अर्ध्या वर्षापुरतं. उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या उघडिपीत मासा सकाळी काठाला असतो, उन्हं तापली की खाली जातो. हिवाळ्यात हे उलटं होतं. मीही पंधरा-वीस वर्षं थंडीत पहाटे कुडकुडत बसून रिकामा घरी आलोय.

मी पैठणकडचा. १९७६ साली जायकवाडीचं लोकार्पण झालं तेव्हा शाळेत होतो. तेव्हापासून हे पाणी बघतोय. हिवाळ्यात पहाटे उथळातलं पाणी सगळ्यात गार असतं. उथळ पाणी म्हणजे परातीत ओतलेला चहा. लवकर निवतं आणि चुलीवर ठेवलं तर लवकर तापतं. खोल पाणी म्हणजे रांजण, त्याला ना निवायची घाई ना तापायची. म्हणून रात्री मासा खोलात जाऊन पडतो. दहा-अकराला ऊन उथळात मुरायला लागलं की तो हळूहळू काठाकडं सरकतो. बारा ते साडेचार हा त्याचा वेळ. तुम्ही वेळ बरोबर धरली होती, जागा चुकली.

पहिली गोष्ट, काठ कोणता ते बघा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून कलून जातो. म्हणून पाण्याच्या उत्तरेचा काठ, म्हणजे जिथं बसलं की आपलं तोंड दक्षिणेला होतं, तो आधी तापतो. त्यात मागं चढ किंवा बांध असेल तर उत्तरेचं गार वारंही अडतं. मांजरा तिथं पश्चिमेकडून पूर्वेला वाहते. कळंब बाजू म्हणजे दक्षिण काठ. तुम्ही तिथं बसलात तेव्हा सूर्य तुमच्या पाठीशी होता. दोघांच्या सावल्या पाण्यावर पडल्या असतील, आणि हिवाळ्यातली सावली दुपारीही लांब असते. उथळ पाण्यातला मासा सावली हलली की गेलाच समजा. केज बाजूला बसलात तर सावली मागं पडेल आणि ऊन तुमच्या वडिलांच्या छातीवर येईल. दम्याच्या माणसाला तेही बरं.

दुसरं म्हणजे तळ. काळ्या मातीचा गाळ ऊन धरतो. मुरमाड, पांढरट तळाचं पाणी तेवढं तापत नाही. थोडं गढूळ पाणी असेल तर आणखी चांगलं. ते लवकर तापतं आणि माशाला तुम्ही दिसतही नाही. नितळ पाण्यात दोन फुटांवर मासा धरणं फार अवघड.

तिसरी गोष्ट लोक विसरतात. उथळाला लागून खोल पाहिजे. नुसतं पसरट उथळ, जिथं दोनशे पावलं गेलं तरी पाणी मांडीच्या वर येत नाही, तिथं फक्त बारकी पिल्लं. मोठ्या माशाला पळायला वाट लागते. ओढ्याचं तोंड, बुडालेला बांध, जुन्या गाडीवाटेची कड, अशा जागी दोन-तीन फुटांचं पाणी एकदम आठ-दहा फुटांचं होतं. त्या कडेवर गळ टाका.

गळ चार नंबरचा फार मोठा. थंडीत मासा तोंड उघडून घास घेत नाही, चाखतो. दहा किंवा बारा नंबर घ्या (नंबर वाढतो तसा गळ बारीक), तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, बारीक घ्या, आणि आमिष हरभऱ्याएवढं. लिंबाएवढा गोळा त्याच्यापुढं पडला तर तो वास घेऊन निघून जाईल. गांडूळ मिळालं तर अर्धं तोडून लावा. वजनासाठी शिसं शक्यतो नकोच, लावलंच तर ज्वारीच्या दाण्याएवढं. आणि चाल हळू ठेवा. उन्हाळ्यात पाच मिनिटांत जागा बदलतो तसं करू नका.

काठावर पाय आपटत चालू नका. मासा कानाआधी अंगानं ऐकतो.

तुम्ही पाणकावळ्यांचं लिहिलंत ना, उत्तर तिथंच होतं. जिथं पाणकावळा सारखा बुडतोय तिथं बारका मासा आहे, आणि बारक्याच्या मागं मोठा.

भोयाची लेक:

काकांनी सगळं नीट सांगितलंय. मी दोनच गोष्टी सांगते.

पहिली, परवानगी. धरणातली मासेमारी ठेक्यानं मच्छीमार सहकारी संस्थेकडं असते. आमच्यासारख्यांचं पोट त्यावर आहे. मत्स्यबीज सोडायचा खर्च संस्था करते आणि मग कोणी गळ, कोणी जाळं घेऊन उतरतं. एका म्हाताऱ्या माणसाच्या गळाला कोणी नाही म्हणणार नाही, पण विचारून बसा. तुमच्या बाजूच्या संस्थेच्या माणसाला भेटा, त्याला चांगली जागाही ठाऊक असते. नाथसागरावर तर पक्षी अभयारण्य आहे, तिथं वेगळे नियम.

दुसरी गोष्ट मनापासून सांगते. संक्रांतीनंतर सायप्रिनसची (कॉमन कार्प माशाची) मादी अंडी घालायला उथळात येते. पाणवनस्पती, बुडालेलं गवत, झुडपांच्या फांद्या, यांना तिची अंडी चिकटतात. रोहू-कटल्याचं तसं नाही, त्यांना पावसाळ्यातलं वाहतं पाणी लागतं, थांबल्या पाण्यात ते पिल्लं देत नाहीत. म्हणून त्यांचं बीज बाहेरून आणून सोडावं लागतं. सायप्रिनस मात्र धरणातच वाढतो. माझे वडील चप्पूवरून जाळी टाकायचे. जानेवारी-फेब्रुवारीत जाळ्यात पोट फुगलेली मादी आली आणि जिवंत असली तर परत सोडायचे. त्या दिवशी बाजारात दोन किलो कमी जायचं. आई कुरकुरायची, पण वडिलांनी कधी ऐकलं नाही.

तुमच्या गळाला तशी लागली तर सोडा एवढीच विनंती. गळाचा मासा जाळ्यातल्यापेक्षा जास्त जगतो. हात ओला करून धरा, कोरड्या हातानं अंगावरचा चिकटा निघतो आणि मग त्याला बुरशी लागते.

हिंगोलीचा गळवाला:

आमच्या सिद्धेश्वर धरणाच्या पाण्यावरचा अनुभव. उथळात, वेलींमध्ये मरळ असतो. त्याला वर येऊन हवा घ्यावी लागते, त्यामुळं दुपारी शांत बसलं की पाण्यावर ‘पुक’ असा आवाज येतो. आवाज आला की तिथं गळ. पण थंडीत फार सुस्त असतो, तोंडासमोरून तीन-चारदा आमिष न्यावं लागतं. पहिल्या दिवशी अण्णांना मरळाच्या मागं लावू नका, कंटाळतील.

उदगीरचा मत्स्यपदवीधर:

माझं शिक्षण उदगीरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयात झालं, आता शेततळ्यातल्या मत्स्यपालनाचं काम करतो. काकांचा अनुभव आणि पुस्तक इथं एकाच जागी येतात, म्हणून लिहितोय.

माशाच्या अंगाचं तापमान पाण्याएवढंच असतं. पाणी गार झालं की त्याचं पचन मंदावतं, भूक मरते. रोहू, कटला, मृगळ यांची खाण्याची आवड २५ ते ३० अंशांच्या पाण्यात. पाणी २० च्या खाली गेलं की खाणं बरंच कमी होतं. शेततळ्यात आम्ही डिसेंबर-जानेवारीत खाद्य निम्म्याहून कमी करतो आणि सकाळी न देता दुपारी देतो. सकाळी टाकलेलं खाद्य तळाला कुजतं. गळाचंही तेच समजा.

चिलापी, म्हणजे तिलापिया, हा मूळ आफ्रिकेचा मासा, भारतात १९५२ मध्ये आणला. त्याला थंडी अजिबात सोसत नाही. १६-१७ अंशांच्या आसपास तो खाणं जवळजवळ सोडतो आणि त्याहून बरंच खाली गेलं तर मरतो. म्हणून हिवाळ्यात ऊन शोधत सगळ्यात आधी उथळात येतो तो चिलापी. तुमच्या अण्णांना दिसलेली ‘ऊन खाणारी पिल्लं’ बहुतेक तीच, आणि त्यात अर्धा-पाऊण किलोचीही असतात. सायप्रिनस थंड प्रदेशातला. त्याला आपली थंडी काहीच वाटत नाही, तो गार पाण्यातही खातो. तेव्हा हिवाळ्यात उथळात भरवसा या दोघांवर ठेवा. रोहू-कटल्याची वाट बघू नका.

साधा काचेचा थर्मामीटर घ्या, पाऱ्याचा नको, लाल द्रवाचा घ्या. दोरीला बांधून उथळात आणि खोलात बुडवून बघा. ओळीनं दोन-तीन स्वच्छ उन्हाचे दिवस गेले की उथळाचं पाणी चांगलं तापतं. थंडीची लाट नुकतीच आली असेल, ढग असतील किंवा वारं सुटलं असेल, तर त्या दिवशी अण्णांना नेऊ नका. पहिलाच अनुभव रिकामा जाईल.

मांजराकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. एक गोष्ट लक्षात आली ती लिहितो, कारण काकांच्या ‘उथळाला लागून खोल’ या मुद्द्याशी ती जोडलेली आहे.

काकांचं उत्तर मी अण्णांना मोठ्यानं वाचून दाखवलं. ऐकून थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “वही आण.” २०१६ च्या दुष्काळात मांजरा धरण कोरडं पडलं होतं, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं ते वर्ष. तेव्हा मी पुण्यात होतो. अण्णा मात्र रोज संध्याकाळी धरणाच्या तळावर फिरायला जायचे, मला हे माहीतच नव्हतं. चाळीस वर्षांपूर्वी बुडालेल्या वाटा, बांध, विहिरीचे कठडे, सगळं उघडं पडलेलं त्यांनी पायी फिरून बघितलंय. वहीच्या मागच्या पानावर त्यांनी नकाशा काढून दिला. ओढ्याच्या तोंडाला एक जुना दगडी बांध आहे, त्याच्या अलीकडं गाळ, पलीकडं सरळ उतार. बांधाच्या पूर्वेच्या टोकाला विहीर आहे, तिकडं पाण्यात पाय ठेवायचा नाही, असं दोनदा बजावलं.

दहा वर्षं हे त्यांच्या डोक्यात होतं आणि मी कधी विचारलं नाही.

संस्थेच्या माणसाला फोन केला. तो अण्णांना ओळखत होता. “बसा की, विचारायचं काय त्यात,” म्हणाला. तरी ताई, तुम्ही सांगितलं नसतं तर मी विचारलं नसतं.

मिसुरीतला लातूरकर:

मी लातूरचा, बारा वर्षांपासून अमेरिकेत मिसुरी राज्यात आहे. इथं क्रॅपी नावाचा मासा आहे, तळहाताएवढा ते दीड वितीचा, चपटा, चांदीसारखा, अंगावर काळे ठिपके. आपल्याकडं तो नाही, उत्तर अमेरिकेचाच आहे. पण तुमचा प्रश्न वाचला आणि वाटलं, मी इथं थंडीत नेमकं हेच शिकलोय.

इथं हिवाळा म्हणजे बर्फ. तळ्याचं पाणी चार-पाच अंशांवर येतं. मीही आधी समजायचो की अशा पाण्यात मासा खोलातच असणार. बराचसा असतोही. पण ओळीनं तीन दिवस ऊन पडलं की दुपारी क्रॅपी तीन-चार फुटांच्या पाण्यात येतो. उत्तरेचा काठ, काळा गाळ, गढूळ पाणी, काकांनी नाथसागरावर जे सांगितलं ते शब्दाला शब्द जुळतं. मला इथल्या एका म्हाताऱ्या शेजाऱ्यानं शिकवलं होतं. पाणी अर्ध्या-एका अंशानं जरी जास्त ऊबदार असलं तरी मासा तिथं जातो, असं तो म्हणायचा.

इथून दोन-तीन गोष्टी तुमच्या कामाच्या वाटतात.

क्रॅपीला लाकूड आवडतं. इथं ट्रुमन लेक म्हणून मोठं धरण आहे, त्यात बुडालेल्या झाडांची खोडं अजून उभी आहेत, आणि तिथं माणूस खोडाखोडाला गळ लावत फिरतो. नाताळ झाला की लोक घरातली वाळलेली झाडं दगड बांधून तळ्यात बुडवतात, माशाला आडोसा म्हणून. तुमच्याकडं बुडालेल्या बाभळी आहेत ना? त्यांच्या उन्हाच्या बाजूला टाका. खोड ऊन धरतं, त्यावर शेवाळ येतं, शेवाळावर किडे, आणि किड्यांमागं मासा.

आमिष माशाच्या खाली जाऊ देऊ नका. क्रॅपीचे डोळे वरच्या बाजूला वळलेले, त्याला वरचं दिसतं, खालचं दिसत नाही. म्हणून आम्ही गळ त्याच्या जरा वर टांगून ठेवतो, पाण्यावर तरंगणाऱ्या छोट्या फ्लोटखाली. सायप्रिनस तळाला उकरून खातो, त्यामुळं त्याला हे लागू नाही. पण चिलापी मधल्या पाण्यात असेल तर करून बघा. तळापासून वीतभर वर.

वजन अगदी कमी. इथं आम्ही औंसाचा बत्तिसावा हिस्सा वजनाची जिग, म्हणजे वजन जोडलेला गळ, वापरतो, म्हणजे एक ग्रॅमसुद्धा भरत नाही. ती पाण्यात इतकी सावकाश उतरते की गार पडलेल्या माशालाही विचार करायला वेळ मिळतो. आणि ओढ लागली की झटका देऊ नका. क्रॅपीचे ओठ कागदासारखे पातळ, झटक्यानं फाटतात. चिलापीचे तसे नसतात, पण बारीक तंगुसाला झटका सोसत नाही.

तुमच्या अण्णांचं वाचून माझे आजोबा आठवले. ते निलंग्याकडं तेरणेवर बसायचे. काय झालं ते नक्की लिहा.

नाथसागरचा काका:

वा, मिसुरीचा गाळ आणि पैठणचा गाळ एकच निघाला. फ्लोटचं एक सांगतो. बाजारातले प्लास्टिकचे फ्लोट थंडीतल्या माशाच्या हलक्या ओढीला जड पडतात. ज्वारीच्या धांड्याची साल काढून आतलं भेंड घ्या, बोटभर लांब. त्याला पेंगुळलेल्या माशाचा श्वाससुद्धा कळतो. तुमच्या वडिलांना हे माहीत असणार.

मांजराकाठ:

परवा गेलो. सुट्टीचा शेवटचा दिवस होता. लांबत असेल तर माफ करा, पण मला सगळं लिहायचंय.

तीन दिवस आभाळ स्वच्छ होतं. सकाळी सात वाजता मी एकटाच जाऊन थर्मामीटर बुडवला. ओढ्याच्या तोंडाला १७, बांधाच्या पलीकडं खोलात २०. म्हणजे काकांनी सांगितलं तसंच, पहाटे उथळच जास्त गार. अण्णांना गाडीनं वळसा घालून साडेअकराला नेलं. बाराला उथळात २०. दोन वाजता पुन्हा बघितलं तर २४, आणि खोलात अजून २०-२१. अण्णांनी थर्मामीटर हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि मग स्वतः पाण्यात हात घालून बघितला.

भेंड अण्णांनी आदल्या रात्रीच केलं होतं. काका, तुमचं वाचून दाखवायच्या आधीच. मी म्हटलं फ्लोट आणलेत पुण्याहून, तर म्हणाले, “ते ठेव तुझ्यापाशी.” बारा नंबरचा गळ मात्र त्यांना पटत नव्हता. “ह्याला काय मुंगी लागणार?” पण लावला. घरामागं म्हशीच्या उकिरड्यात गांडुळं मिळाली.

बांधाच्या मागं हरभऱ्याच्या रानाचा चढ आहे, त्यामुळं वारं अजिबात लागत नव्हतं. ऊन समोरून. अण्णांनी घोंगडी काढून खाली अंथरली आणि तिच्यावर बसले. पाऊण तास काही नाही. मी चुळबुळ करत होतो, उठून जागा बदलावी म्हणत होतो. त्यांनी नुसता हात खाली दाबून मला बसवलं.

एक वाजून दहा मिनिटांनी भेंड हललं. बुडालं नाही. आडवं झालं. चिलापीनं आमिष खालून उचलून वर आणलं की भेंडाला ओझंच राहत नाही, म्हणून ते आडवं पडतं, हे अण्णांनी मला नंतर सांगितलं. मी असतो तर बुडायची वाट बघत बसलो असतो. त्यांनी काठी झटका न देता नुसती उचलली, आणि काठीचं टोक वाकलं.

तीन वाजेपर्यंत पाच चिलापी झाल्या, मोठी साधारण अर्धा किलोची. चार बाभळीच्या खोडापाशी लागल्या, एक बांधाच्या कडेला. मिसुरीवाले दादा, तुमचं लाकडाचं अगदी खरं निघालं. वीतभर वर ठेवायचंही. तळाला ठेवला तेव्हा एकही टोक आली नाही.

साडेतीनच्या सुमाराला काठी एकदम जड झाली. अण्णा उभे राहिले. मला भीती दम्याची, पण मी हात लावला नाही. दहा मिनिटं तरी तंगूस देत-घेत राहिले. खोडाकडं जाऊ दिलं नाही. काठाला आली ती सायप्रिनस, दीड-दोन किलोची, पोट टम्म. मी काही बोलायच्या आत अण्णांनी दोन्ही हात पाण्यात बुडवले, ओंजळीत तिला पाण्यातच धरून गळ काढला आणि तोंड खोलाकडं करून तशीच धरून ठेवली. ती थोडा वेळ थांबली, मग शेपटी मारून गेली. ताई, तुमचं मी त्यांना वाचून दाखवलं होतं. पण ते म्हणाले, त्यांचा बापही सोडायचा.

चारला निघालो. वाटेत गाडीत दम लागला नाही. घरी आल्यावर काठी तुळईला टांगली नाही, दाराच्या मागं उभी करून ठेवली. मी पुण्याला निघालो तेव्हा शेजारचा पोरगा येऊन विचारत होता, आजोबा उद्या कधी जायचं. बाराला, म्हणाले.

आज फोनवर सांगितलं की काल तिघं बसले होते, दोन चिलापी लागल्या, वारं सुटलं म्हणून लवकर उठले. थर्मामीटर आता अण्णांच्या खिशात असतो. आणि मिसुरीवाल्या दादांना एक विचारायला सांगितलंय: क्रॅपीला काटे फार असतात का, आणि तिकडं त्याचं कालवण करतात की नुसतंच तळतात?